आमच्या घरी खुर्ची नाही

७ मे

माझ्या मैत्रिणीचा, श्वेताचा मोठा भाऊ प्रशांतदादा म्हणतो, चांगलं लिहायचं असेल तर रोज लिहायची सवय पाहिजे. म्हणून ही वही. याआधी मी पहाटे उठायची, सूर्यनमस्कार घालायची आणि मोबाईल कमी बघायची सवय लावून पाहिली आहे. तिन्ही मिळून एक आठवडा टिकल्या. तेव्हा या वहीनेही फार आशा ठेवू नये.

कारण असं की बारावी सायन्सला मला बरे मार्क पडलेत. पुण्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राला प्रवेश मिळेल असं दिसतंय. मुंबईतली एक संस्था दरवर्षी गावाकडच्या काही मुलींचा शिक्षणाचा सगळा खर्च उचलते, होस्टेलसकट. ती शिष्यवृत्ती मिळाली तर पुणे. नाही मिळाली तर आसनगावच्या पुढचं गोदाम, जिथे खोक्यांवर स्कॅनर मारायचं काम असतं. आमच्या आळीतल्या मुली जातात तिथे. आई म्हणते, "गोदामात एसी हाय." मला खोक्यांवर आयुष्य काढायचं नाही, एसीतसुद्धा नाही.

अर्जासोबत स्वतःबद्दल आठशे शब्द लिहायचेत. स्वतःबद्दल मी दिवसभर बोलू शकते, त्यामुळे हे सोपं जाणार.

१० मे

सोपं गेलं नाही. 'माझा जन्म शहापूर तालुक्यात झाला' इथे गाडी थांबली ती थांबलीच.

अडचण ही की माझ्या आयुष्यात दुःखाची फार टंचाई आहे. आई-बाबा दोघंही धडधाकट. भांडतात, पण जेवायला बसेपर्यंत मिटतं. घरात फ्रिज आहे. त्याचं दार नीट लागत नाही म्हणून दोरी बांधलीय, पण दोरीवर आठशे शब्द कसे लिहिणार? भात पिकतं ते वर्षभर पुरतं. हातात पैसा राहत नाही, पण उपाशी कुणी झोपलेलं नाही.

आणि बाबा. बाबा पावसाळ्यात शेती करतात आणि लग्नसराईत बेंजो वाजवतात. (ही वही उद्या कुणा पुणेकराच्या हाती पडली तर: बेंजो म्हणजे बटणं दाबून वाजवायचं तारांचं वाद्य. सोबत ढोलकी, ताशा आणि टेम्पोवर बांधलेले स्पीकर. आमच्याकडे हळदीला अख्खं गाव त्यावर नाचतं.) बाबांची स्वतःची पार्टी आहे, 'कुलस्वामिनी बेंजो पार्टी'. वादकांना बसायला सहा लाल खुर्च्या आहेत, त्यांच्या पाठीवर पिवळ्या रंगात हे नाव आहे. एरवी त्या आमच्या ओटीवर असतात. बाबा हसले की शेजारच्या सकुकाकू त्यांच्या घरातून विचारतात, "काय झाला रे कुंडलिक?"

असा माणूस ज्या घरात आहे त्या घरातून करुण काही निघणं कठीण आहे.

१४ मे

प्रशांतदादाकडे जाऊन आले. त्याला स्वतःला शिष्यवृत्ती मिळाली होती, आता कल्याणला बँकेत आहे, त्यामुळे त्याचा शब्द शेवटचा. त्याने माझा कागद वाचला आणि परत दिला.

"हे वाचून वाटतं, हिला कशाची गरजच नाय."

"टँकरचं लिहिलंय ना दादा."

"ते सगळेच लिहितात गो. धरणं आपल्या तालुक्यात, पाणी मुंबईला, नि आपल्याला उन्हाळ्यात टँकर. ते पाहिजेच. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे. बाबांचं काय लिहिलंस? बेंजो?"

"मग काय लिहू?"

"बेंजो नको टाकू. मुंबईच्या लोकांना वाटंल दारू नि धिंगाणा. शेतमजूर लिही."

माझ्याही मनात तेच होतं. दादाच्या तोंडून आलं म्हणून मला ते शहाणपणाचं वाटलं.

मग घरी येऊन लिहायला बसले आणि काय हात सुटला! बाबा दुसऱ्याच्या बांधावर राबणारे मजूर झाले. 'त्यांच्या चेहऱ्यावर हसू मी कधी पाहिलं नाही.' मी चिमणीच्या उजेडात अभ्यास केला. (आमच्याकडे लाईट जाते, पण तेव्हा मी अभ्यास न करता झोपते.) 'आमच्या घरी बसायला खुर्ची नाही.' हे वाक्य मी लाल खुर्चीत बसून लिहिलं.

शेवटी वाचताना मलाच रडू आलं. इतकं सोसलेली मुलगी मी पहिल्यांदाच बघत होते.

१६ मे

अर्ज पाठवला. बाबा मुरबाडकडची हळद वाजवून आले होते, चहा पिताना म्हणाले, "काय लिवलंस आमच्याबद्दल?"

"चांगलंच लिहिलंय."

"मग वाचून दाखव की."

"इंग्रजीत आहे बाबा."

इंग्रजीत नव्हतं. बाबा खूश झाले आणि ढोलकीवाल्या महिपतकाकांना फोन लावून म्हणाले, "पोरीनं माझ्यावर इंग्रजीत लिवलंय!"

२ जून

पहिल्या यादीत नाव आलं! आनंद साधारण चहा उकळेपर्यंत टिकला. मग आईने फोनवरचा पुढचा निरोप सांगितला: संस्थेच्या मॅडम रविवारी आमचं घर बघायला येणार आहेत. अर्जात लिहिलेलं खरं आहे का, एवढंच बघणार.

एवढंच.

५ जून

आईने तयारीला हात घातलाय.

आमच्या आळीत एक पद्धत आहे. कुठल्याही मुलीला बघायला पाहुणे येणार असले की सकुकाकूंचा मरून रंगाचा सोफा त्या घरी जातो. कुणी कपबशा देतं, कुणी घड्याळ, कुणी गालिचा. पाहुणे गेले की सगळं आपापल्या घरी परत. आळीतल्या यच्चयावत मुलींची लग्नं त्या सोफ्यावर ठरली आहेत. सोफ्याला बोलता आलं असतं तर किती सासऱ्यांचं पितळ उघडं पडलं असतं.

"आई, मॅडम लग्नासाठी नाही येत."

"म्हायती हाय मला. म्हणून काय जमिनीवर बसवू त्यांना? घर बघाया येतात ना? मग घर दिसाया पाहिजे."

घर दिसायलाच नको, हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार? सांगायचं तर आधी काय लिहिलंय ते सांगावं लागेल. मी स्वतःची वेगळी तयारी करायचं ठरवलं.

७ जून

सहाही खुर्च्या श्वेताकडे पोचवल्या. आईला सांगितलं, सोफा आल्यावर जागा पुरणार नाही. मिक्सर तांदळाच्या कणगीमागे ठेवला. टीव्हीवर जुनी चादर टाकली.

दुपारी आईने ती चादर काढून धुवायला टाकली आणि टीव्हीवर सकुकाकूंची प्लास्टिकची फुलं ठेवली. मग सोफा आला. काचेच्या कपबशा आल्या. मोराचं चित्र असलेला गालिचा आला. मी मागच्या दाराने गरिबी आणत होते आणि आई पुढच्या दाराने श्रीमंती. आईच्या बाजूने अख्खी आळी होती, माझ्या बाजूने एकटी श्वेता, आणि तीही हसत होती.

संध्याकाळी बघितलं तर घर आमदाराचं वाटत होतं.

८ जून, रविवार

आज जे झालं ते लिहून काढते, म्हणजे डोक्यातून जाईल. जाणार नाही, पण लिहिते.

मॅडम आल्या. पन्नाशीच्या, साध्या सुती साडीत, हातात माझा अर्ज. आईने त्यांना सोफ्यावर बसवलं. त्यांनी अर्जाकडे पाहिलं, सोफ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"छान आहे सोफा."

"आपलाच समजा!" आई म्हणाली. आई खोटं बोलत नाही. तो जितका आमचा होता तितकाच मॅडमचाही होता.

बाबा मागे हातपाय धूत होते. पाहुण्यांसाठी त्यांनी एक विनोद ठरवून ठेवला होता, मला सकाळी ऐकवलाही होता. ते दारात आले आणि नेमक्या त्याच वेळी मॅडमनी वाचलं, "'बाबांच्या चेहऱ्यावर हसू मी कधी पाहिलं नाही.' तुम्ही भूमिकाचे वडील का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी गालिच्यातल्या मोराकडे बघितलं. इंग्रजीत लिहिलंय असं सांगितलेला कागद शुद्ध मराठीत वाचला जात होता.

बाबा सोफ्यावर बसले नाहीत. दाराजवळ भिंतीला टेकून बसले, मान खाली घालून. "हो जी," म्हणाले.

"मजुरीला जाता?"

"हो जी."

"किती वर्षं?"

"लय झाली."

आईला काहीच कळेना. "मजुरी कसली वो? बेंजो पार्टीचे मालक हायेत हे! मुरबाडपासून टिटवाळ्यापर्यंत नाव हाय यांचं!"

"ती आपली बोलते," बाबा म्हणाले. "कधीमधी वाजवतो. बाकी मजुरीच."

सगळा वेळ बाबा तसेच होते. विनोद नाही, हसणं नाही. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, पित्त झालं असेल. किंवा रागावले असतील. रागावले असतील तर बरोबरच आहे.

तेवढ्यात सकुकाकू दोन माणसांना घेऊन आल्या आणि आईला म्हणाल्या, "जानके, झालं का गो तुमचं? आमचे व्याही अवचित आलेत. सोफा पाहिजे."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. सोफा त्यांच्या देखत दाराबाहेर गेला, जाता जाता उंबऱ्यात अडकला आणि तिरका करावा लागला. मॅडमनी एका बाजूने हातसुद्धा लावला. आई मला म्हणाली, "बघतेस काय? श्वेताकडनं आपल्या खुर्च्या आण!"

आणल्या. मॅडम लाल खुर्चीत बसल्या, आधी पाठीवरचं 'कुलस्वामिनी बेंजो पार्टी' नीट वाचून. मग त्यांनी अर्जातलं पुढचं वाक्य मोठ्याने वाचलं. "'आमच्या घरी बसायला खुर्ची नाही.'"

धरणीमाता पोटात घेते म्हणतात. मी वाट बघितली, घेतलं नाही.

निघताना मॅडमनी मला एकटीला गाडीपाशी बोलावलं. ओरडतील वाटलं होतं. त्या दमल्यासारख्या म्हणाल्या, "कागदातलं घर मला इथे दिसलं नाही. आणि जे मांडून दाखवलं ते घरही तुमचं नाही. हा अर्ज मी असा पुढे पाठवू शकत नाही. बुधवारपर्यंत दुसरं लिहून पाठवलंस तर ते वाचेन. नाहीतर इथेच थांबावं लागेल." गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाल्या, "आणि टँकर शहापूरच्या प्रत्येक अर्जात आहे. तुझ्याकडे दुसरं काय आहे?"

काय आहे माझ्याकडे? एक दोरी बांधलेला फ्रिज आणि खोटारडेपणा.

९ जून

आई बोलत नाही. भांडी मात्र खूप बोलतायत. दुपारी एकदाच म्हणाली, "लोकांच्या दारात जाऊन सामान मागितलं मी, तुझी मान वर ऱ्हावी म्हणून. नि तू आमाला भिकाऱ्यात बसवलंस."

संध्याकाळी बाबा राबातून, म्हणजे रोपांच्या वाफ्यातून, आले. भाताचं बी पेरून झालंय. मला वाटलं आता माझी वेळ. ते शेजारी बसले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "काल मी बराबर केलं ना?"

"काय बाबा?"

"नाय, मी हसलो नाय ना गो कुठं? एकदा येत व्हतं, त्या सोफ्याचा पाय अडकला तवा. दाबलं मी. मॅडमला कळलं तर नसंल?"

पित्त नव्हतं. राग नव्हता. मी त्यांच्याबद्दल जे खोटं लिहिलं होतं ते खरं करून दाखवायला हा माणूस तासभर मान खाली घालून बसला होता.

मी चहा करायला उठले आणि चुलीसमोर रडले. माझ्या आठशे शब्दांवर रडले होते त्यापेक्षा हे रडणं फार वेगळं होतं.

१० जून

लिहितेय. प्रशांतदादाला विचारलं नाही. तो वाईट नाही, त्याला जे लागू पडलं ते त्याने सांगितलं. खोटं लिहिणारा हात माझाच होता.

टँकर काढला. त्या जागी बोअरवेलचं लिहिलं. दोन वर्षांपूर्वी गावात बोअर मारायची होती तेव्हा एक पाणाड्या आला. तळहातावर नारळ आडवा धरून फिरला, नारळ उभा राहिला तिथे 'पाणी' म्हणाला. खणलं तर धूळ. मग दुसरीकडे उभा राहिला, तिथेही धूळ. सगळे त्याला शिव्या देत होते आणि मी वर आलेला दगडाचा चुरा बघत होते: काळा, मग लालसर, मग परत काळा. खाली काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं आणि मला ते फार माहीत करून घ्यायचं होतं. भूगर्भशास्त्राचं कारण एवढंच आहे. ते पहिल्या कागदात नव्हतं, कारण त्यात कुणी रडत नाही.

मग बाबा. बाबांचा बेंजो, टेम्पो, हसणं. आणि मग ते एक वाक्य, जे लिहून खोडलं, परत लिहिलं.

११ जून

पाठवायच्या आधी दोघांना वाचून दाखवलं. मराठीतच आहे म्हणून सांगितलं. आई पाठ करून भाजी चिरत होती, पण सुरी थांबली होती.

त्या वाक्याशी आले. 'मला बाबांच्या बेंजोची लाज वाटत आली आहे. म्हणून मी त्यांना मजूर केलं.' वाचलं आणि मी म्हणाले, "बाबा, हे काढू का?"

"ऱ्हाऊ दे. खरं हाय ना?"

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"आमाला म्हायती हाय ते कधीपासून," बाबा म्हणाले, जणू भाताचा भाव सांगतायत. "तू आठवीत व्हतीस. आटगावात टेम्पो चालला व्हता, मी तुला हात केला, तू मैत्रिणींच्या मागं लपलीस. तवापासून आटगाव-शहापूरची सुपारी नाय घेत मी. तुझ्या वर्गातली पोरं असत्यात नाचायला. मुरबाडला जातो. तिकडं तुला कोण वळखत नाय."

मला ते आठवतही नव्हतं. अजूनही नीट आठवत नाही. मी विसरून गेले आणि बाबा घराजवळची कामं सोडून इतकी वर्षं घाट-नदी ओलांडून लांब जात राहिले.

आई भाजीकडेच बघत म्हणाली, "मी सांगितलेलं यांना, पोरीला विचारा तरी. नाय विचारलं."

सगळं तसंच पाठवलं.

५ जुलै

मुलाखत, ठाण्याला. लावणी अर्धी टाकून बाबा सोबत आले. पांढरा शर्ट, नखांत चिखल. आत तीन जण, त्यातल्या एक आपल्या मॅडम. त्यांनी ओळख दाखवली नाही, म्हणून मीही दाखवली नाही.

पाणाड्याचं विचारलं, ते छान गेलं. मग टोकाचे एक सर म्हणाले, "तुझ्या लेखात आहे, वडिलांच्या कामाची लाज वाटत आली आहे. अजून वाटते?"

दार अर्धं उघडं होतं. बाहेर बाकावर बाबांचा गुडघा दिसत होता. बरोबर उत्तर मला माहीत होतं: 'नाही सर, आता अभिमान वाटतो.' ते जिभेवर आलंही होतं. पण खोट्याचा मला जरा धसका बसलाय.

"थोडी वाटते," मी म्हणाले. "जायला वेळ लागेल. पण आता ती बाबांची वाटत नाही, माझी वाटते."

सरांनी काहीतरी लिहून घेतलं. माझ्या मते 'गोदाम' असं लिहिलं असावं.

परतीच्या वाटेवर बाबांनी मला भजी खाऊ घातली आणि मुलाखतीचं काहीच विचारलं नाही.

१४ जुलै

मिळाली.

फोन आला तेव्हा आम्ही शेवटच्या खाचरात लावणी करत होतो. मॅडमचाच होता. पुणे, होस्टेल, सगळं. मी चिखलात मटकन बसले. आईने तिथल्या तिथे मला मिठी मारली, मग माझ्या खाली दबलेली रोपं बघून एक धपाटाही घातला. बाबा एवढंच म्हणाले, "जा. खाली काय हाय ते बघून ये."

घरी आलो तर बाबांचा फोन वाजत होता. त्यांचे हात अजून चिखलाचे, म्हणून मी फोन त्यांच्या कानाला धरला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. माझ्या वर्गातल्या इंद्रजीतचे वडील, आटगावहून. मोठ्या मुलाचं लग्न आहे, तुळशीच्या लग्नानंतर. हळदीला बेंजो पाहिजे.

इंद्रजीतच्या घरचं लग्न म्हणजे आमचं अख्खं कॉलेज येणार. सगळेच असणार नाचायला.

"त्या टायमाला नाय जमायचं वो," बाबा सवयीने म्हणाले. "मुरबाडला हाय आमी."

तारीख अजून समोरच्याने सांगितलीही नव्हती.

मी फोन त्यांच्या कानावरून काढून माझ्या कानाला लावला. मुलाखतीपेक्षा हे कठीण होतं.

"काका, मी कुंडलिक बेंजोवाल्यांची मुलगी बोलतेय," मी म्हणाले. "तारीख सांगा, लिहून घेते."

त्यांनी तारीख सांगितली. मी ती लिहून घेतली. तेव्हा मी पुण्यात असेन, पण त्या हळदीला येणार आहे.